सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय, तो पूर्णपणे आपला करून घ्यायला काय काय करावं?

पारसिककर (कळवा):

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेली, मेकॅनिकल, आता ड्रॉइंगचं सगळं काम कॉम्प्युटरवर आहे आणि मोबाईलवर भागत नाही. नव्या लॅपटॉपच्या किमती बघून झाल्या, मग ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून रिफर्बिश्ड घेतला. लेनोवो थिंकपॅड टी४८०, आय५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १८,००० ला पडला. बाहेरून खूपच चांगला आहे, एका कोपऱ्यावर थोडं घासलंय तेवढंच, कीबोर्ड तर माझ्या ऑफिसातल्यापेक्षा सरस. सात दिवसांत बदलून देईन आणि तीन महिने वॉरंटी, असं दुकानदाराने बिलावर लिहून दिलंय.

चालू केला की "यूजर" नावाचं अकाउंट थेट उघडतं, पासवर्ड काहीच नाही. विंडोज ११ प्रो आहे, वर ऑफिस, फोटोशॉप, एक अँटिव्हायरस, सगळं टाकून दिलंय आणि सगळं "ॲक्टिव्हेटेड" म्हणे. दुकानदार म्हणाला काही करायची गरज नाही, न्या आणि वापरा. पण माझं मन मानत नाही. मुलगी याच्यावर महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरणार, आधार, बँकेचा खाते नंबर, मार्कशीट सगळं याच्यात जाणार, आणि आधी हा कोणाकडे होता, आत काय काय बसवलंय, आपल्याला काहीच माहीत नाही.

तर प्रश्न असा की नवीन अकाउंट काढून जुनं डिलीट केलं की पुरे का, की सेटिंगमधून रीसेट मारायचा, की सगळं पुसून नव्याने विंडोज टाकायचं? मेव्हणा म्हणतो एसएसडीच काढून टाक आणि नवीन बसव. मुलीला सगळ्यात आधी वॉलपेपर बदलायचाय, तिला म्हटलं जरा थांब, आधी विचारून घेतो. जाणकारांनी कृपया सांगा, मला बटणं कुठली दाबायची हे सांगितलं की जमतं.

ऐरोली_डेस्क:

पारसिककर, थांबवलंत ते फार बरं केलंत, आणि ते सात दिवस आहेत ना, त्याच्या आत सगळं उरका. मी ऐरोलीत एका कंपनीच्या आयटी सपोर्टला आहे, लॅपटॉप वाटणं, परत घेणं, पुसणं हेच रोजचं काम, त्यामुळे तुमचा लॅपटॉप कुठल्या वाटेने आला असेल ते साधारण सांगू शकतो. इकडे ऐरोली, महापे, घणसोली पट्ट्यात आणि तिकडे वागळे इस्टेट, घोडबंदरला जी ऑफिसं आहेत तिथे लॅपटॉप तीन-चार वर्षं वापरतात, बरेचदा भाड्याने घेतलेले असतात, मुदत संपली की शेकड्याने एकदम निघतात आणि रिफर्बिश करणारे लोक लॉटमध्ये उचलतात. टी४८० हे २०१८ चं मॉडेल, म्हणजे तुमच्याकडे यायच्या आधी तो नक्कीच कोणाच्या तरी ऑफिसात राबलाय. यात वाईट काही नाही, ऑफिसवाले लॅपटॉप घरगुतीपेक्षा दणकट असतात.

पण ऑफिसचा लॅपटॉप म्हणजे त्याच्यावर ऑफिसचा हुकूम चालत होता. तुम्हाला एवढंच तपासायचंय की तो हुकूम आता खरंच संपलाय का. अकाउंट बदलून किंवा "यूजर" डिलीट करून हे कळत नाही.

मोठ्या कंपन्या मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट नावाची सोय वापरतात. त्यात लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख कंपनीच्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेली असते. डिस्क पुसा, डिस्क बदला, विंडोज पाच वेळा टाका, ती नोंद जात नाही कारण ती लॅपटॉपमध्ये नसतेच, ती तिकडे सर्व्हरवर असते. म्हणून मेव्हण्यांचा एसएसडी बदलायचा सल्ला इथे कामाचा नाही. नव्याने विंडोज सुरू होताना नेट जोडलं की स्क्रीनवर थेट त्या कंपनीचं नाव येतं आणि कंपनीचा ईमेल टाका म्हणतं. लॅपटॉप विकायच्या आधी ही नोंद कंपनीने काढायची असते आणि काही ठिकाणी ते राहून जातं. मग दुकानात काय करतात, नेट न जोडता विंडोज टाकतात, "यूजर" किंवा "ॲडमिन" नावाचं लोकल अकाउंट काढतात आणि गिऱ्हाईकाच्या हातात देतात. छान चालतो. पुढे वर्षभराने कधीतरी विंडोज बिघडलं, तुम्ही रीसेट मारला आणि तेव्हा ती स्क्रीन समोर उभी राहिली की वॉरंटी संपलेली आणि ऐन परीक्षेत लॅपटॉप बंद. ही परीक्षा आत्ताच घेऊन टाका.

त्यासाठी असं करा. दुसऱ्या एखाद्या भरवशाच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या ऑफिसातला नको, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि कमीत कमी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावून विंडोज ११ चा इन्स्टॉलर बनवा, पेन ड्राइव्हवरचं सगळं उडतं हे लक्षात ठेवा. मग तो टी४८० ला लावून चालू करताना एफ१२ दाबत राहा, यादीतून यूएसबी निवडा. इन्स्टॉल करताना डिस्कचे तुकडे दिसतील, सगळे एकेक करून डिलीट, शेवटी फक्त "अनॅलोकेटेड" अशी एकच ओळ राहिली पाहिजे, ती निवडून पुढे जा. सेटिंगमधला रीसेट मी टाळतो कारण तो त्याच जुन्या विंडोजच्या फाइल्समधून उभा राहू शकतो आणि त्या फाइल्सवरच तर आपला भरवसा नाही. आणि वायफाय विचारेल तेव्हा जोडाच, नेटशिवाय पुढे जाऊ नका, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

पुसायच्या आधी एक काम मात्र करून ठेवा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलव्ही असं इंग्रजीत टाइप करा. येणाऱ्या खिडकीत "ओईएम डीएम" दिसलं तर विंडोजची की मदरबोर्डमध्येच आहे, नव्याने टाकलं की आपोआप ॲक्टिव्हेट होईल, पैसे लागणार नाहीत. "व्हॉल्यूम केएमएस क्लायंट" दिसलं तर दुकानात बहुतेक ॲक्टिव्हेटर मारलाय, म्हणजे विकत न घेताच विंडोज "ॲक्टिव्हेटेड" दाखवणारं टूल, ते १८० दिवसांचं असतं आणि ते टूल मागे काहीतरी चालू ठेवून मुदत वाढवत बसतं. असले ॲक्टिव्हेटर बरेचदा विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला "या फोल्डरकडे बघू नकोस" असं सांगून ठेवतात. विंडोज सिक्युरिटीत एक्सक्लूजन्सची यादी असते ती उघडून बघा, नव्या लॅपटॉपवर ती रिकामी असायला हवी. त्या यादीत काही निघालं तर तुमचं मन का मानत नव्हतं ते तुम्हालाच दिसेल. फोटोशॉप आणि ऑफिसवर पाणी सोडा, ते फुकटचं नाही. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस टाका, त्यात मराठी मेनूसुद्धा आहेत.

सानपाडा_सर्किट:

वरचं बरोबर आहे पण पेन ड्राइव्ह लावायच्या आधी बायोस बघा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारी लॅपटॉपची स्वतःची सेटिंग, मी रिपेअरिंग करतो, माझ्याकडे टेबलावर येणाऱ्या टी४८० पैकी त्रास देणारे बहुतेक बायोसवालेच असतात.

चालू करताना एफ१ दाबा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा आणि लॅपटॉप परत करा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड आतली छोटी सेल काढून जात नाही, यूट्यूबवर काहीही दाखवोत, लेनोवोचं स्वतःचं उत्तर मदरबोर्ड बदला असं आहे. पासवर्ड नाही मागितला तर सिक्युरिटीत जा, तिथे कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट नावाचा भाग असतो. हे चोरी झालेला लॅपटॉप शोधायचं सॉफ्टवेअर, बायोसमध्ये बसलेलं, विंडोज पुसलं तरी परत उगवतं. तिथे "ॲक्टिव्हेटेड" असेल तर तो लॅपटॉप घरी ठेवू नका. डिसेबल्ड असेल तर उत्तम.

तिथेच फिंगरप्रिंटमध्ये जुने ठसे पुसायचा पर्याय आहे, "रीसेट फिंगरप्रिंट डेटा". दाबा. सेन्सरच्या आत आधीच्या माणसाचे ठसे राहतात आणि मग मुलगी बोट लावायला जाईल तेव्हा विंडोज काहीतरी विचित्र बोलेल, लोक सेन्सर खराब आहे म्हणून घेऊन येतात आणि सेन्सर ठणठणीत असतो.

तिथेच सिक्युरिटी चिप असते, कुलपाच्या की साठवणारी, तिच्यात "क्लिअर" पण करून टाका, नवीन विंडोज टाकणारच आहात तर आत्ता काही अडकत नाही. पुढे कधी करू नका, एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाचं कुलूप, चालू असलं तर डिस्क ४८ आकडी की मागेल.

टी४८० ची खास गोष्ट, हा फक्त टाइप सी वरून चार्ज होतो, दुसरं पीन नाही. याच्या थंडरबोल्टच्या, म्हणजे वेगवान टाइप सी पोर्टच्या, जुन्या फर्मवेअरमध्ये (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष होता, हळूहळू पोर्ट आणि चार्जिंगसुद्धा बंद पडतं, लेनोवोने त्याचं अपडेट कधीच काढलंय. पण लॉटमधल्या पीसला ते कोणी मारत नाही. विंडोज झालं की लेनोवोचं स्वतःचं ॲप, व्हँटेज, टाका आणि थंडरबोल्टचं फर्मवेअर पहिलं मारा, चार्जर लावून, मध्ये लाइट जाणार नाही अशा वेळी.

बॅटरी याला दोन असतात, एक आत, एक मागे काढता येणारी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट मारा, एक पान तयार होतं, त्यात डिझाईन कॅपॅसिटी आणि फुल चार्ज कॅपॅसिटी दोन्हींची मिळेल. आकडे इथे टाका, सांगतो. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं टूल. त्यात हेल्थचे टक्के आणि किती तास चाललीय ते येतं. चांगली असेल तर बदलायची काही गरज नाही, मेव्हण्यांना सांगा.

निवृत्त_मास्तर_खारघर:

पारसिककर, थोडा वेगळा सल्ला देतो. विंडोज ठेवायलाच हवं असं आहे का, याचा एकदा विचार करा. मी स्वतः गेली बरीच वर्षं लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकायची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, वापरतो आणि सोसायटीतल्या मुलांना जुन्या कॉम्प्युटरवर तेच टाकून देतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा सहाव्या-सातव्या जनरेशनचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप केवळ विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत म्हणून भंगारात निघाले, ते बघून खरंच वाईट वाटतं. तुमचा आठवी जनरेशन आहे म्हणून यादीत बसला. मिंटमध्ये लायसन्स, ॲक्टिव्हेटर, कंपनीची नोंद यातलं काही नाही, जे आहे ते तुमच्यासमोर. पेन ड्राइव्हवरून न टाकताच चालवूनही बघता येतं, वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं तपासता येतं आणि मगच टाकायचं.

अर्थात मुलगी मेकॅनिकलला आहे आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. दोन्ही शेजारी शेजारी टाकता येतात.

पारसिककर (कळवा):

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसून केलं, भाच्याच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह बनवला.

बायोसमध्ये पासवर्ड नव्हता, कॉम्प्युट्रेस डिसेबल्ड. डीएलव्हीमध्ये केएमएस क्लायंट आलं, आणि एक्सक्लूजन्सच्या यादीत पूर्ण सी ड्राइव्ह टाकलेला होता. म्हणजे अँटिव्हायरस नावालाच. हे बघून बायकोसुद्धा म्हणाली पुसाच आता.

पुसलं, नव्याने टाकलं, वायफाय जोडलं आणि ऐरोली_डेस्क यांनी लिहिलं होतं अगदी तसंच झालं. एका कंपनीचं नाव, त्यांचा लोगो, आणि खाली कंपनीचा ईमेल टाका. मुलगी शेजारी बसली होती, तिचा चेहराच पडला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे, नेट न लावता टाकून देतो, कायम चालेल. आता काय करू? मास्तर म्हणतात तसं मिंट टाकलं तर ही स्क्रीन येणारच नाही ना? बदलून घेताना तो परत असलाच पीस देईल ही पण धास्ती आहे.

ऐरोली_डेस्क:

बदलूनच घ्या. पाच मिनिटांचं काम करून घेऊ नका.

मिंट टाकलंत तर स्क्रीन येणार नाही हे खरं, पण प्रश्न आता स्क्रीनचा राहिलेला नाही. लॅपटॉप अजून कंपनीच्या नावावर का आहे, याची दोन उत्तरं असू शकतात. एक, लॉट रीतसर विकला पण नोंद काढायची राहिली. दुसरं, तो रीतसर बाहेर पडलाच नाही, कोणीतरी ऑफिस सोडताना परत केला नाही किंवा चोरीला गेला. बाहेर बसून आपल्याला यातलं कुठलं खरं ते कळत नाही. आणि आता तुम्हाला शंका घ्यायला कारण मिळालंय, ते मिळाल्यावर तसाच ठेवणं बरोबर नाही. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना जवळ ठेवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हा होतो. मुलीच्या अभ्यासाच्या लॅपटॉपला असली टांगती तलवार कशाला.

दुकानदाराशी भांडायची गरज नाही, कदाचित त्यालाही पत्ता नसेल, लॉटमधून आलं ते त्याने पुढे दिलं. त्याला दोनच पर्याय द्या. ज्याच्याकडून लॉट घेतला त्याच्यामार्फत कंपनीला कळवून नोंद काढून आण, हे खरंच होतं, आमच्याकडे असे ईमेल येतात, आम्ही सीरियल नंबर जुन्या यादीशी ताडून बघतो आणि विकलेला असेल तर काढून टाकतो. नाहीतर दुसरा पीस दे. दुसरा घेताना तुमचा पेन ड्राइव्ह बरोबर न्या आणि दुकानातच, मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून, त्याच्यासमोर विंडोज टाका. अर्धा-पाऊण तास लागेल, लागू दे. कंपनीचं नाव न येता साधं "हा पर्सनल लॅपटॉप आहे की ऑफिसचा" असं विचारलं की काम झालं. आणि बिलावर त्या नव्या पीसचा सीरियल नंबर लिहून घ्या, पहिल्या पीसचं बिल फाडून नवीन. सीरियल नंबर नसलेलं बिल म्हणजे तुम्ही काहीतरी विकत घेतलंत एवढाच पुरावा, हाच लॅपटॉप घेतलात हे त्यातून दिसत नाही.

निवृत्त_मास्तर_खारघर:

ऐरोली_डेस्क यांच्याशी पूर्ण सहमत. मिंट टाकून ही गोष्ट झाकू नका. मिंट स्वतःच्या लॅपटॉपवर टाका.

पारसिककर (कळवा):

झालं! दुकानदार आधी थोडा कुरकुरला पण बिलावर बदलीचं लिहिलेलं होतं त्यामुळे तयार झाला. दुसरा टी४८० काढला, बायोस आधी बघितला, मग तिथेच स्टुलावर बसून विंडोज टाकलं. कंपनीचं नाव आलं नाही, ॲक्टिव्हेशनसुद्धा आपोआप झालं, डीएलव्हीमध्ये ओईएम डीएम. दुकानातला पोरगा सगळं बघत होता, त्याने पेन ड्राइव्ह कसा बनवला ते विचारून घेतलं, त्याला सगळं समजावून सांगितलं.

घरी येऊन मुलीच्या नावाने अकाउंट केलं. तिचा ठसा घ्यायला गेलो तर "हा ठसा आधीच नोंदवलेला आहे" अशा अर्थाचं काहीतरी आलं, लगेच सानपाडा_सर्किट यांचं आठवलं, बायोसमध्ये जाऊन ठसे पुसले आणि मग एका झटक्यात झालं. थंडरबोल्टचं अपडेट खरंच बाकी होतं, मारलं.

एसएसडी हेल्थ ९१ टक्के. बॅटरी, आतलीची डिझाईन साधारण २४,००० आणि फुल चार्ज १२,६००, मागचीची डिझाईन तेवढीच आणि फुल चार्ज १९,८००. हे कसं आहे? आणि ऑटोकॅडसाठी ८ जीबी रॅम पुरेल का? शेवटचं, मुलीला प्रोजेक्टचा रिपोर्ट मराठीतून पण द्यायचाय, मराठी टायपिंगसाठी काय टाकू, मी फोनवर जसं करतो तसं यावर होईल का?

तुर्भे_अनुवाद:

मराठीचं मी सांगते, माझं दिवसभराचं काम तेच आहे.

वेगळं काही टाकायला नको, विंडोजमध्ये सगळं आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी ॲड करा, मग मराठीच्या समोरच्या तीन टिंबांतून कीबोर्ड निवडा. दोन मिळतील. "मराठी फोनेटिक" म्हणजे फोनवर करता तसंच, इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि मराठी उमटतं. दुसरा इन्स्क्रिप्ट. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी बदलतं.

रिपोर्टपुरतं हवं असेल तर फोनेटिक पुरे. पण मुलीला पुढे कधी मराठीत बरंच लिहायचं असेल तर मी मनापासून सांगते, आत्ताच इन्स्क्रिप्ट शिकू दे. पहिला आठवडा जड जातो, मग बोटं आपोआप पळतात. मांडणी समजून घेतली की लक्षात राहते, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. डी वर पाय मोडायचा हलन्त, के वर क, जे वर र, एन वर ल. शिफ्ट एन दाबलं की ळ. आणि "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला तो र लोकांना सापडत नाही, रिपोर्टमध्ये "दुसर्‍या" ऐवजी भलतंच छापून येतं, तो शिफ्ट जे, मग डी, मग पुढचं अक्षर. फोनेटिकमध्ये हे असले शब्द यादीतून निवडत बसावे लागतात, इन्स्क्रिप्टमध्ये तुम्ही दाबता तेच उमटतं. लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, सगळीकडे हीच मांडणी मिळते, त्यामुळे पुढे कॉम्प्युटर बदलला तरी शिकलेलं वाया जात नाही.

एक विनंती, कोणी जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट टाकून दिले, ज्यात इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवलेली असतात, तर घेऊ नका. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळा रिपोर्ट इंग्रजी कचरा दिसतो, माझ्याकडे अशा फाइल्स घेऊन विद्यार्थी रडवेले होऊन येतात. युनिकोडमध्येच लिहायचं, म्हणजे वर सांगितलेलेच कीबोर्ड वापरायचे. साधा निर्मला फॉन्ट विंडोजमध्ये असतोच.

ऐरोली_डेस्क:

अभिनंदन! एक राहिलंय, मुलीचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाकून नव्याने विंडोज ११ केलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक आपोआप चालू झालेलं असेल. चांगली गोष्ट आहे, ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत बॅग गेली तरी आतलं कोणाला वाचता येणार नाही. पण त्याची ४८ आकडी रिकव्हरी की तिच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बघा आणि कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. त्या अकाउंटला रिकव्हरीसाठी तुमचा मोबाईल नंबरसुद्धा जोडा. कॉलेजने दिलेला ईमेल मुख्य अकाउंट म्हणून वापरू देऊ नका, डिप्लोमा संपला की तो ईमेल बंद होतो आणि कीसुद्धा त्याच्याबरोबर जाते. आणि सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये "ॲक्सेस वर्क ऑर स्कूल" असतं, कॉलेजचा ईमेल कुठल्या ॲपमध्ये टाकताना "हे डिव्हाइस संस्थेला मॅनेज करू द्या" असं विचारलं तर नाही म्हणायला शिकवा तिला, नाहीतर एका ऑफिसकडून सोडवलेला लॅपटॉप आपण हाताने कॉलेजला देऊन बसू.

सानपाडा_सर्किट:

आकड्यांवरून मागची बॅटरी चांगली आहे, ऐंशी टक्क्यांच्या वर. आतली अर्ध्यावर आलीय, म्हातारी आहे पण धोका नाही, फुगली नसेल तर राहू द्या. टी४८० आधी मागची वापरतो मग आतली. ऑटोकॅड नसेल तेव्हा चार तासांच्या आसपास जायला हरकत नाही. पुढे पैसे झाले की आतली बदलू नका, मागची मोठी ७२ वॉट अवरची मिळते ती घ्या, लॅपटॉप न उघडता बसते. घरी सतत चार्जर लावून काम करणार असेल तर व्हँटेजमध्ये चार्ज ८० ला थांबवा.

रॅम, ८ वर ऑटोकॅड चालेल पण ब्राउझर आणि ऑटोकॅड एकत्र उघडलं की अडकेल. दोन स्लॉट आहेत, तुमच्याकडे बहुतेक एकाच स्लॉटमध्ये ८ आहे, दुसऱ्यात अजून एक ८ ची डीडीआर४ लॅपटॉपवाली टाका. दोन पट्ट्या झाल्या की ग्राफिक्सला पण फरक पडतो कारण याचं ग्राफिक्स रॅममधूनच चालतं, एकच १६ ची घेऊ नका. आणि ऑटोकॅड दुकानातून सीडीवर घेऊ नका, ऑटोडेस्कच्या साइटवर विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, कॉलेजचा पुरावा लागतो, दरवर्षी रिन्यू करायचं.

स्वतः बसवणार असाल तर उघडायच्या आधी बायोसमध्ये कॉन्फिग, पॉवर, "डिसेबल बिल्ट-इन बॅटरी" करा, लॅपटॉप बंद होईल, मग मागची बॅटरी काढा, मग झाकण. नाहीतर मागची काढली तरी आतलीमुळे बोर्डात करंट असतो. मागचे स्क्रू सैल होतात पण बाहेर येत नाहीत, ते तसेच असतात, ओढू नका. झाकण चार्जिंगच्या बाजूने जपून उचका, पातळ प्लास्टिकचं कार्ड वापरा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. परत लावल्यावर चार्जर जोडला की आतली बॅटरी आपोआप चालू होते. जमलं नाही तर सानपाड्याला घेऊन या, रॅम तुमची असेल तर बसवायचे पैसे घेत नाही, आणि मुलीला बरोबर आणा, मेकॅनिकलची आहे, तिच्या हाताने उघडून दाखवतो.